गाण्याखालचा आवाज

गुरुवारी संध्याकाळी झिल्दाच्या शेगडीवर दोन पातेली असत. मोठ्यात घरचं जेवण आणि लहानात सोनामुखीचा काढा. शुक्रवारी सकाळी जिम्नॅस्टिक्सच्या क्लबमध्ये मुलींची वजनं होत, आणि आदल्या रात्रीत पोट साफ झालं की काटा थोडा दयेने वागतो, हे ब्राझीलमधल्या कुरितिबा शहरातल्या त्या क्लबच्या सगळ्या आयांना ठाऊक होतं. एकीने दुसरीला सांगितलं, दुसरीने तिसरीला. त्यात कोणाला वावगं वाटत नसे. उलट जी आई काढा देत नसे, तिच्याविषयी बाकीच्या म्हणत, "हिला मुलीचं काही पडलेलंच नाही."

त्या गुरुवारी मोठ्या पातेल्यात पाइनच्या बिया उकळत होत्या. तिकडचा हिवाळा, जूनची थंडी होती, आणि फणसाच्या आठळ्यांसारख्या त्या तपकिरी बियांच्या वाफेने खिडकीच्या काचा धुरकटल्या होत्या.

"नाक दाब आणि एका दमात पी," झिल्दा म्हणाली.

तेरा वर्षांच्या जासियाराने कप तोंडाला लावला, गिळला, आणि अंगावर काटा आल्यासारखी शहारली.

"आई, एक बी खाऊ?"

"शनिवारी संघाची निवड होऊ दे, मग पातेलंभर खा."

"वास तरी घेऊ?"

"घे. वासाने वजन वाढत नाही."

मुलगी पातेल्यावर वाकून डोळे मिटून वाफ घेत राहिली. झिल्दा सरकारी शाळेत स्वयंपाकीण होती. रोज शे-दोनशे मुलांना भात आणि काळ्या घेवड्याची आमटी पोटभर वाढून ती घरी येई, आणि स्वतःच्या मुलीपुढे अर्धं संत्रं ठेवी. मुलीला मोठं करायचं तर पोट मारावं लागतं, असं तिला मनापासून वाटत होतं.

टेबलापाशी तिची धाकटी बहीण इव्होनेत बसली होती. एका हाताने ती बिया सोलत होती. डावा हात मांडीवर होता. तो कोपरात वाकलेला होता आणि वीस वर्षांत सरळ झाला नव्हता.

"ताई, तिच्या नडगीचं काय करणार आहेस? महिना झाला लंगडतेय."

"शनिवारनंतर डॉक्टरकडे नेते."

"शनिवारनंतर पुढचा शनिवार येईल."

"तू गप्प बस गं. काका बघतायत ना? त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं."

काका म्हणजे प्रशिक्षक ओस्मार. लहान पोरींपासून त्यांच्या आयांपर्यंत सगळा क्लब त्याला काका म्हणे. इव्होनेतही एके काळी म्हणायची. पंधराव्या वर्षी ती त्या क्लबची सर्वांत चांगली खेळाडू होती. वरचा बार, म्हणजे उंचावरची आडवी दांडी, सोडायचा, हवेत कोलांटी घ्यायची आणि तोच बार पुन्हा धरायचा, असा एक अवघड प्रकार ती शिकत होती. अशा वेळी प्रशिक्षक खाली उभा राहतो आणि मुलगी चुकली तर तिला झेलतो. क्लबच्या भाषेत त्याला 'हात देणं' म्हणत. त्या दिवशी ती चुकली आणि खाली हात नव्हता. गादीच्या कडेवर कोपर आपटलं. पुढच्या आठवड्यात ओस्मारने सगळ्या पालकांना बोलावलं आणि प्लास्टर घातलेल्या इव्होनेतला त्यांच्यासमोर उभं केलं. "सांग, पोरी." तिने सांगितलं, "मी काकांना न विचारता उडी घेतली. माझीच चूक." ते वाक्य तिने पुढे इतक्या वेळा म्हटलं, की हळूहळू तिलाही ते खरं वाटू लागलं. मात्र पडताना दिसलेली एक गोष्ट तिच्या डोळ्यांपुढून कधी गेली नाही. ओस्मारचे पांढरे बूट, आणि ते जिथे असायला हवे होते तिथून जरा लांब.

चार वर्षांपूर्वी ती त्याच क्लबमध्ये मुलींना फ्लोअरवरचा, म्हणजे गाण्यावर करायच्या कसरतीतला, नाच शिकवायला लागली. लोकांना सांगे, "पोटासाठी." खरं कारण तिने कोणालाच सांगितलं नव्हतं. तिला त्या माणसाच्या जवळ राहायचं होतं. कशासाठी, ते तिलाही नीट माहीत नव्हतं. कधी त्याच्या 'माते' चहाच्या भोपळ्यात, म्हणजे पोकळ दुधीच्या पेल्यात, गरम पाणी ओतताना तिला वाटे, यात मूठभर तिखट टाकावं. मग ती पाणी ओते आणि भोपळा त्याच्या हातात देई. "धन्यवाद, इव्होनेतबाई," तो म्हणे. ती हसे. रात्री त्या हसण्याची तिला किळस येई.

शुक्रवारी सकाळी मुली काट्यापुढे रांगेत उभ्या होत्या. हॉलच्या एका बाजूला मोठी काच होती. तिच्यापलीकडे आयांनी बसायचं, पण काचेवर कायम पडदा ओढलेला असे. "पोरींचं लक्ष विचलित होतं," ओस्मार म्हणे. हॉलमध्ये सतत गाणी मोठ्याने वाजत. पडद्याबाहेर आया म्हणत, "काका किती हौशी! गाण्याशिवाय त्यांचं पान हलत नाही." ती गाणी लावायचं काम इव्होनेतचं होतं.

"मिरेला, तू जा. तुझं वजन मला माहीत आहे," ओस्मार म्हणाला. मिरेला क्लबच्या अध्यक्षांची मुलगी. तिला आजवर कोणी काट्यावर उभं केलेलं नव्हतं. खरं तर ती गुणी होती, जीव तोडून मेहनत करायची, पण तिने काही करायच्या आधीच तिला शाबासकी मिळायची. राज्याच्या संघात एकच जागा उरली होती. ती मिळणार मिरेलाला किंवा जासियाराला.

जासियारा काट्यावर चढली. ओस्मारने काट्याकडे पाहिलं, मग रांगेकडे वळला.

"पाव किलो जास्त. सांगा बरं, हे पोतं कशाने भरलंय?"

दोन मुली भीतीने हसल्या.

"काल मी फक्त संत्रं..."

"इव्होनेत! गाणं मोठं कर!"

तिने गाणं मोठं केलं. मग तो जासियाराच्या कानाशी वाकून काही बोलत राहिला. हॉलच्या दुसऱ्या टोकाला इव्होनेतला फक्त त्याचे ओठ हलताना दिसले. जासियारा मान खाली घालून बारकडे गेली, वर चढली, झोका घेतला आणि बार सोडला. तिची बोटं बारला जेमतेम लागून निसटली. ती पाठीवर गादीवर पडली. खाली कोणी नव्हतं. ओस्मार हाताची घडी घालून उभा होता. त्याचे पांढरे बूट जिथे असायला हवे होते तिथून जरा लांब होते.

इव्होनेत धावत गेली. "तुम्ही हात का नाही दिला?"

"पोतं झेलायला मी हमाल आहे का?" तो हसला. "बाई, पडण्याबद्दल तू कोणाला शिकवू नकोस. तू कशी पडलीस ते सगळ्यांना माहीत आहे. तूच सांगितलंस."

त्या संध्याकाळी जासियाराची पाठ शेकताना इव्होनेतने विचारलं, "गाणं मोठं झाल्यावर काका काय बोलले?"

"नेहमीचंच."

"नेहमीचं म्हणजे?"

"तुझीच गोष्ट, मावशी." मुलगी उशीत तोंड खुपसून बोलत होती. "ते सगळ्यांना सांगतात. म्हणतात, इव्होनेतही अशीच उर्मट होती. मी एक पाऊल मागे घेतलं आणि तिचं कोपर गेलं. तुझ्या वेळी मान जाईल."

शेकायची पिशवी इव्होनेतच्या हातात तशीच राहिली.

"असं म्हणतात? एक पाऊल मागे घेतलं, असं?"

"हो. मला वाटलं, तुला माहीत आहे."

दारात झिल्दा उभी होती. तिच्या हातात रिकामा कप होता. कप टेबलावर ठेवायला गेली, तो कडेवरून खाली पडला आणि फुटला. तुकडे कोणीच उचलले नाहीत.

वीस वर्षं त्या माणसाने तिच्या मोडलेल्या हाताची छडी करून मुलींच्या पाठीवर मारली होती. आणि मारताना आवाज बाहेर जाऊ नये, म्हणून चार वर्षं गाणं मोठं करत होती ती स्वतः इव्होनेत. तिला रडू आलं नाही. उलट, बऱ्याच दिवसांनी तिला कडकडून भूक लागली. तिने गार झालेल्या बियांचं पातेलं जवळ ओढलं, एक बी सोलली आणि जासियाराच्या हातात ठेवली.

"खा."

मुलीने आईकडे पाहिलं. झिल्दाने मान हलवली. "खा गं. सगळ्या खा."

"जासी, उद्या तू बारपुढे जा, पंचांना सलामी दे, आणि नुसती उभी राहा," इव्होनेत म्हणाली. "चढू नकोस. काका काहीही बोलोत. बाकीचं मी बघते. पण हे तुला पटलं तरच. नाहीतर मी दुसरं काही शोधीन."

जासियारा चावत विचार करत होती. "सलामी देऊन चढलं नाही तर खेळ रद्द होतो. माझी जागा जाईल."

"जाईल."

"आणि काकांची?"

"तीसुद्धा."

मुलीने दुसरी बी उचलली. "मग चालेल," ती म्हणाली.

शनिवारी हॉल भरला होता. निवडीचा दिवस म्हणून पडदा उघडला होता, आया आणि बाप हॉलमध्येच लाकडी पायऱ्यांवर बसले होते, राज्याच्या संस्थेतले पंच कोट घालून टेबलांमागे होते. एका बाजूला फ्लोअर, दुसऱ्या बाजूला बार. फ्लोअरवर मिरेलाचा खेळ सुरू झाला. इव्होनेतने तिचं गाणं लावलं, आणि जोरात लावलं. त्याच वेळी बारपुढे जासियारा उभी राहिली. तिने हात उंचावून सलामी दिली. पंचांनी मान हलवली. ओस्मार बारखाली जाऊन उभा राहिला.

जासियारा चढली नाही.

ओस्मार हसतच होता, कारण लोक बघत होते. पण ओठ हलायला लागले. गाणं मोठं होतं, म्हणून त्यानेही आवाज चढवला. वर्षानुवर्षं तो असाच बोलत आला होता. गाण्यावरून आपला आवाज मुलीपर्यंत पोचेल आणि मुलीच्या पलीकडे जाणार नाही, याचा अंदाज त्याच्या घशात पक्का बसला होता. जासियारा त्याच्याकडे पाहत उभी होती. ओस्मारची मान लाल झाली.

इव्होनेतचं बोट बटणावर होतं. मिरेलाकडे पाहून तिला क्षणभर थांबावंसं वाटलं. पण गाणं मधेच बंद पडलं तर खेळाडूला खेळ पहिल्यापासून करू देतात, हा नियम तिला ठाऊक होता. पोरीचं काही बुडणार नव्हतं. तिने बटण दाबलं.

"...म्हशी, चढ म्हणतो ना! माझा हात विसर! तुझ्या मावशीच्या वेळी मी एकच पाऊल मागे घेतलं, तर ती जन्माची लुळी झाली. तुझी मान मोडेन, आणि तूच सगळ्यांसमोर सांगशील की चूक माझी होती!"

सगळ्या हॉलभर ते ऐकू गेलं. सर्वांत वरच्या पायरीवरच्या म्हाताऱ्यालाही. ओस्मारला गाणं थांबल्याचं कळायला वाक्य संपेपर्यंतचा वेळ लागला. मग त्याने मागे वळून पाहिलं, आणि यंत्राशेजारी उभ्या असलेल्या इव्होनेतशी त्याची नजर मिळाली. ती हसत नव्हती. या खेपेस तिला हसायची गरज नव्हती.

"गाणं!" तो ओरडला. "गाणं लाव!"

"नाही लावत," ती म्हणाली. "बोला ना काका. थांबलात का? एक पाऊल मागे, पुढे काय?"

फ्लोअरच्या मध्यावर मिरेला पाय जुळवून उभी होती. तिचे वडील पायऱ्यांवरून म्हणाले, "काहीतरी गैरसमज..." तेवढ्यात मिरेला तिथूनच ओरडली, "गैरसमज नाही, पप्पा. ते रोज असंच बोलतात. मला सोडून सगळ्यांना." आणि ती चालत जाऊन जासियाराशेजारी उभी राहिली. मग भिंतीकडेच्या मुलींतून एक आली. मग उरलेल्या आल्या. त्यांनी फक्त ओस्मार आणि बार यांच्यामधली जागा भरून टाकली.

झिल्दा पायऱ्या उतरून आली. तिच्या हातात थर्मास होता. पंचांच्या टेबलापुढून ती सरळ गेली, ओस्मारच्या समोर उभी राहिली, झाकणात काळा काढा ओतला आणि त्याच्या नाकाखाली धरला.

"घ्या काका. सोनामुखी आहे. तुमच्यासाठी मी दर गुरुवारी माझ्या लेकराला पाजली. आज तुमची पाळी. नाक दाबा आणि एका दमात प्या."

तो मागे सरकला. एक पाऊल. मग सगळ्या हॉलने ते पाऊल पाहिलं, आणि पायऱ्यांवरून कोणीतरी मोठ्याने हसलं. वीस वर्षांत त्याच्यावर कोणी हसलं नव्हतं. पंचांपैकी एक बाई उठल्या आणि त्यांनी त्याला हॉलबाहेर जायला सांगितलं. तो जाताना झिल्दा मागे मागे दारापर्यंत गेली, झाकण पुढे धरून. "प्या ना, काका. चव सवयीने लागते."

जासियाराची जागा गेली. नडगीच्या हाडाला चीर गेलेली निघाली, त्यामुळे ती तशीही खेळू शकली नसती. संघात मिरेला गेली. ओस्मारवर चौकशी बसली, आणि मुली एकामागून एक सांगायला गेल्या. त्याला पुन्हा कोणत्याही हॉलमध्ये मुलींजवळ उभं राहायची बंदी झाली. त्याच्या बाजूने बोलायला काही आया गेल्या होत्या, हेही लिहायला हवं. त्यांनी पदकं मोजून दाखवली. त्यांच्या मुली दाराबाहेर उभ्या होत्या आणि आत यायला तयार नव्हत्या.

काट्याची जागा आता रिकामी आहे. काचेवरचा पडदा झिल्दाने स्वतः उतरवला आणि शाळेच्या स्वयंपाकघरात फडकी म्हणून वापरला. इव्होनेत त्या हॉलमध्ये अजून नाच शिकवते. तिने एकच नियम केला आहे: कोणी मुलगी बारवर असेल आणि खाली कोणी उभं असेल, तेव्हा गाणं बंद. मग बार धरताना पंजांखाली कुरकुरणारी, घाम टिपायची पांढरी पावडर ऐकू येते, मुलीचा श्वास ऐकू येतो आणि खालच्या माणसाचा प्रत्येक शब्द ऐकू येतो.

एकदा तिला कोणीतरी विचारलं, "बाई, इतकी वर्षं झाली. आता तरी त्याला माफ करा."

"माफी त्याने मागितलेली नाही," इव्होनेत म्हणाली. "आणि मागितली, तर त्याने ती याच हॉलमध्ये येऊन, सगळ्या मुलींसमोर, गाणं बंद असताना मागावी. मी ऐकीन. माफ करीन असं नाही. ऐकीन."

आणि वाचकहो, तुमच्या मुलीच्या क्लबमध्ये, शाळेत, शिकवणीत जर गाणं फारच मोठ्याने वाजत असेल, तर एकदा उठून ते बंद करून पाहा.