तांब्याच्या तारेतलं कॅटालेज

मित्रांनो, हातभर उंचीची मी एक जुनी प्रतिकृती आहे. तांब्याच्या चार तारा, दोन हजार काचेचे मणी आणि चार लोखंडी छर्रे, एवढंच माझं शरीर. मी ज्याची प्रतिकृती आहे ते कॅटालेज मात्र या क्षणी तुमच्या रक्तात काम करत आहे. ते इतकं लहान आहे की साध्या सूक्ष्मदर्शकातूनही दिसत नाही.

माझ्या जन्माला एक कापलेलं बोट कारण झालं. डोंगरकडा गावच्या कनिष्ठ महाविद्यालयात, २००२ साली, बारावीतल्या पुजाचं बोट फुटक्या परीक्षानळीनं कापलं. अनिरुद्ध सरांनी जखमेवर हायड्रोजन पेरॉक्साइड ओतलं आणि पांढरा फेस उसळला. दुसरं कुणी कळवळलं असतं. पुजा बोट डोळ्यांजवळ नेऊन बघत राहिली.

"सर, ह्यो फेस काहून येऊन राहिला?"

"रक्तातलं एक विकर हे औषध फोडतंय. पाणी वेगळं, प्राणवायू वेगळा. अंगात तयार होणारं हेच विषही ते असंच फोडतं. कॅटालेज म्हणतात त्या विकराला."

"ते दिसतं कसं?"

सरांना उत्तर येत नव्हतं, आणि येत नाही असं सांगायला ते लाजले नाहीत. पुढच्या रविवारी ते नांदेडला गेले, इंटरनेटच्या दुकानात दोन तास बसले आणि एक रंगीत चित्र छापून घेऊन आले. माणसाच्या कॅटालेजची स्फटिक रचना, दोनेक वर्षांपूर्वीच प्रसिद्ध झालेली.

"रक्तातून हे विकर निवडून घेतात, त्याचं द्रावण हळूहळू घट्ट होऊ देतात, मग त्याचे खडे जमतात," सर म्हणाले. "त्या खड्यावर क्ष-किरण सोडले की ठिपके उमटतात. ठिपक्यांवरून हिशेब करून हा आकार काढलाय."

"खडीसाखरेवानी खडे?"

"तसेच. फक्त दिसायला फार बारीक."

पुजानं ते चित्र वहीत घालून तांड्यावर, आपल्या बंजारा वस्तीत नेलं. जिल्ह्याच्या विज्ञान प्रदर्शनाला महिना उरला होता.

तिचे वडील थावरा हे वारंगा फाट्यावर पाण्याच्या जळालेल्या मोटारी भरून द्यायचे. मोटार भरणं म्हणजे आतली जळकी तार काढून नवी गुंडाळणं. जुन्या तारेचा ढीग दुकानामागे पडलेला असे. चित्र उलटसुलट करून पाहत ते म्हणाले, "ही तर निस्ती वायडिंग हाय. होऊन जाईल."

आई रूपाबाई घागऱ्याच्या कशिद्यासाठी मण्यांचे डबे बाळगून होत्या. पुजानं सांगितलं, "याडी, ह्याच्यात चार साखळ्या अन् एका साखळीत पाचशे कण हायेत. एका कणाला एक मणी." रूपाबाईंनी डबा पुढ्यात ओढला.

अशी मी घडू लागले. तारेत मणी ओवायचे, मग सळईवर गुंडाळून पीळ पाडायचे. कुठे पीळ, कुठे सरळ पट्टी, कुठे वळण, ते चित्रात पाहून. प्रत्येक साखळीच्या पोटात खोलवर एक चपटं कडं बसवलं. त्या कड्याचं नाव हीम. त्याच्या मधोमध लोखंडाचा अणू असतो, म्हणून थावरांनी एक निकामी बेअरिंग फोडून चार छर्रे काढले. माझ्यातलं लोखंड खरं लोखंड आहे, याचा मला आजही अभिमान वाटतो.

प्रदर्शनाला चार दिवस उरले तेव्हा मी तयार झाले. तांड्यावरची माणसं मला बघून गेली. पुजा मात्र अजून तपासतच होती. तिच्या एका हातात चित्र होतं, दुसऱ्या हातात दुकानातला बोल्ट. बोल्टचे आटे ती माझ्या पिळांशी लावून बघत होती.

"बा, चित्रातला पीळ बोल्टसारखा उजवीकून चढतो. आपला उलटा हाय."

थावरा डावखुरे. सळई उजव्या हातात धरून डाव्या हातानं तार गुंडाळायची त्यांची सवय, त्यामुळे माझा एकूण एक पीळ डावा पडला होता. त्यांचा चेहरा उतरला. "माझ्या हातानं घात केला बघ."

दुसऱ्या दिवशी पुजा मला घेऊन सरांकडे गेली. सरांनी बोल्ट लावून पाहिला आणि कपाळावर हात मारला. "माझ्याही ध्यानात आलं नाही. खरं सांगू? परीक्षकांच्याही येणार नाही. पुजा, आता तीन दिवसांत काय करशील?"

"असं उलटं कॅटालेज कुणाच्या रक्तात असतं का सर?"

"नाही. उलट्या पिळाचं कुणाच्याच अंगात सापडणार नाही."

"मग हे कॅटालेज न्हाईच," पुजा म्हणाली.

मित्रांनो, त्या दुपारी मला पार उसवलं. मणी परातीत ओतले. वाकवून वाकवून तार कडक झाली होती, ती पुन्हा वाकवली असती तर तुटली असती. थावरांनी चुलीत लाल होईतो तापवली आणि पाण्यात बुडवली. तार लोण्यासारखी मऊ झाली. पण दोन हजार मणी पुन्हा ओवायचे कुणी? दोन दिवसांत एकट्या रूपाबाईंच्यानं ते होणार नव्हतं. त्या उठल्या, दारोदार फिरल्या आणि शेजारणींना सांगून आल्या, "कापूस येचून झाला की माझ्याकडं या. लेकराचं काम हाय."

अठरा बाया आल्या. लिंबाखाली सतरंजी पडली. जनकाबाई सगळ्यांत म्हाताऱ्या, त्यांना सुई दिसत नव्हती, म्हणून त्या मणी मोजून द्यायला बसल्या. कुणी गाणं धरलं, बाकीच्यांनी झेललं. दोन दुपारी माझ्या अंगावर तांड्याची गाणी पडत होती. या वेळी सळई पुजानं धरली. थावरा शेजारी बसून फक्त म्हणत, "बराबर. असंच जाऊ दे."

शेवटी चारही साखळ्या एकीत एक अडकवल्या. कॅटालेजमध्ये त्या तशाच गुंतलेल्या असतात. एक ओढली तर चारही हलतात.

प्रदर्शनासाठी हिंगोलीला मी पुजाच्या मांडीवर बसून गेले. परीक्षकांत नांदेडचे एक वयस्कर प्राध्यापक होते, शेषराव सर. त्यांनी चष्मा वर केला आणि माझ्या एका पिळावरून बोट फिरवलं. मग दुसऱ्यावरून. मग तिसऱ्यावरून.

"सगळे उजवे आहेत," ते म्हणाले. "कुणी सांगितलं?"

"पहिले डावे झाले होते सर. बोल्ट लावून पाह्यला, तवा कळलं."

"मग?"

"उसवलं. तांड्यावरल्या बायांनी परत ओवलं."

शेषराव सर खुर्ची ओढून तिथंच बसले. पहिलं बक्षीस सौर चुलीला गेलं, मला दुसरं मिळालं. पण चुलीजवळ ते दोन मिनिटं थांबले होते आणि माझ्याजवळ अर्धा तास. निघताना पुजानं विचारलं, "सर, कॅटालेजचे ते खडे आपल्याकडं कुणी जमवतं का?"

"जमवतात. शिकत राहा, पोहोचशील तिथपर्यंत."

नंतरची दोन वर्षं माझ्या सुखाची होती. अनिरुद्ध सर मला वर्गात नेत. पुढे त्यांची बदली झाली. मला कपाटावर ठेवलं, मग कपाटात, मग जुन्या नकाशांखाली. माझ्यावरची नावाची चिठ्ठी वाळवीनं खाल्ली. कुणीतरी मला वायरीचं भेंडोळं समजलं. एक पीळ दबला. रागावू कुणावर? ज्याला नाव उरलं नाही, त्याला कुणी ओळखावं कसं?

२००८ साली नीलांबरी मॅडम रुजू झाल्या. त्यांनी कपाट आवरताना मला बाहेर काढलं, फुंकर मारली आणि वर्गात टेबलावर ठेवलं. "हे काय असावं?" कुणाला सांगता येईना.

त्याच सकाळी रूपाबाई महाविद्यालयात आल्या होत्या. पुजा आता हैदराबादेत संशोधनाला लागली होती आणि जात पडताळणीसाठी तिला जुन्या दाखल्याची नक्कल हवी होती. कचेरीकडे जाता जाता त्यांची नजर उघड्या दारातून माझ्यावर पडली. त्या चप्पल बाहेर काढून सरळ आत आल्या.

"मॅडम, हे कॅटालेज हाय."

नीलांबरी मॅडमनी खुर्ची पुढे केली. "मावशी, तुम्ही सांगता का यांना?"

रूपाबाई बसल्या नाहीत. त्यांनी माझा दबलेला पीळ आधी बोटानं नीट केला. "ह्या चार साखळ्या, चार भैनी म्हणा. एकमेकीच्या कमरंत हात घालून उभ्या. एकीला सोडून दुसरी न्हाई. हरेकीच्या पोटात लोखंड. तिथवर जायाला ही एक बारीक गल्ली, बगा. अंगातलं इख गल्लीतून आत येतं, लोखंडापाशी फुटतं, त्याचं पाणी होतं अन् हवा होती. समदे पीळ उजवे. उलटा पडला तर चालत न्हाई."

मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "आजी, तुमी कोणत्या शाळेत शिकल्या?"

"मी न्हाई शिकले. मी ओवलं."

मॅडमनी कोरा कागद घेतला. "मावशी, चिठ्ठीवर करणारीचं नाव लिहिते. पुजाचं लिहू?"

"लिवा. तिच्या बापाचं बी लिवा." मग त्या बोटं मोजू लागल्या. "जनकाबाई. नर्मदाबाई. रुख्मिणीबाई..." त्यांनी अठराही नावं सांगितली, आणि एकोणिसावं स्वतःचं सांगायचं विसरल्या. ते मॅडमनी विचारून लिहिलं.

तेव्हापासून मी काचेच्या कपाटात उभी आहे. दर वर्षी नवी मुलं येतात, चिठ्ठी मोठ्यानं वाचतात आणि नावं संपेचनात म्हणून हसतात. मित्रांनो, तुमच्या शाळेच्या कपाटातही माझ्यासारखं काहीतरी दबून पडलं असेल. ते भंगारात टाकण्याआधी एकदा विचारा, हे कुणी केलं. ज्यांनी केलं त्यांना वर्गात बोलवा. त्यांच्यासाठी खुर्ची मांडा, आणि त्या उभ्यानंच बोलू लागल्या तर बोलू द्या.