कल्लमठाचा शिलालेख

गडहिंग्लजच्या दक्षिणेला एक गाव आहे. तिथं जाऊन कल्लमठ कुठाय म्हणून विचाराल, तर लोक आधी स्वतःचा उंबरा दाखवतील. खोटं नाही. मठाला अठ्ठेचाळीस खांब होते. त्यातले पाच उभे आहेत, बाकीचे गावभर पांगले. दोन शाळेच्या पायरीला, एक विहिरीच्या काठाला आणि एक तर आडवा पडून बाळासो सरपंचांच्या गोठ्याची दावण झालेला. एके काळी इथं रोज चारशे पानं उठत, लांबलांबची पोरं शिकायला येत, असं म्हातारी माणसं सांगतात. पुढं इनाम गेलं, स्वामी गेले, छप्पर बसलं. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात, इथं तर खांबच चालते झाले.

रीत मात्र सगळ्यांनी पाळली. मठाचा दगड न्यायचा तर आधी मठपतींच्या, म्हणजे मठाच्या पिढीजात पुजाऱ्यांच्या दारात यायचं, नारळ ठेवायचा आणि "गुरूचं घेऊन जातोय" म्हणायचं. मग मठपतींनी त्या दगडावर विभूतीची तीन बोटं ओढायची. झाला दगड मोकळा! रुद्रय्या मठपतींच्या आज्जानं अशी बोटं ओढली, आप्पानं ओढली, तरुणपणी खुद्द रुद्रय्यांनीही ओढली. साठी उलटल्यावर एका दुपारी ते मठात टेकले असता सहज वर बघितलं, तर डोक्यावर नुसतं आभाळ. आपल्या तीन पिढ्यांनी एकदाही 'नाही' म्हणायला तोंड उघडलं नाही, हे त्यांना तेव्हा उमगलं. म्हातारा माणूस, पण तिथंच बसून पोरासारखा रडला.

त्या दिवसापासून त्यांनी सरकारला पत्रं लिहायला सुरुवात केली. तिकडच्या दगडाला पाझर फुटायला अकरा वर्षं लागली. तोवर इकडं पंचायतीनं ठरावही करून टाकला, की मठाचे उरलेसुरले दगड ओढ्यावरच्या बंधाऱ्याला घालावेत. आणि अठ्ठ्याण्णव सालच्या जानेवारीत कोल्हापूरहून उत्तर आलं. अधिकारी गुरुवारी येतील, शिलालेखाचा कागदावर ठसा घेतील. लेखात दान देणाऱ्याचं नाव आणि साल मिळालं, तर मठाला कुंपण पडेल आणि एक चिपही कुणाला हलवता येणार नाही.

शिलालेख म्हणजे गुरूंच्या समाधीशेजारचा पुरुषभर उंचीचा काळा दगड. तो मात्र कुणी कधी मागितला नव्हता. त्यावरचं जुनं कन्नड गावात कुणालाच वाचता येत नव्हतं, घरात कन्नड बोलणाऱ्या रुद्रय्यांनाही नाही. जन्मभर रोज त्याच्या पाया पडायचं आणि त्यात काय लिहिलंय ते ठाऊक नाही, ही त्यांची जुनी खंत होती. आता अक्षरं झिजलेली, वर शेवाळाचे डाग. एवढ्या लांबून येणाऱ्या माणसाला डोळे ताणायला लावायचे? जातं गुळगुळीत झालं की आपण टाकी लावून घेतोच की! रुद्रय्यांनी ज्ञानू पाथरवटाला बोलावलं.

"मठपती, हितं अक्षारच न्हाय. नुस्ती वळवळ दिसतीया," ज्ञानू म्हणाला.

"दिसतंय तसं वड. शेजारचं बग, त्येच्यागत कर."

ज्ञानूचा हात बहाद्दर. दोन दिवस त्यानं मान वर केली नाही. वरपासून जमिनीपर्यंत एकेक ओळ खोल, ठसठशीत करून दिली. वर रुद्रय्यांनी तेलाचा हात फिरवला. दगड असा झळकायला लागला, की आता मठ वाचला म्हणून त्यांना भरून आलं.

गुरुवारी कागदाची भेंडोळी काखेत घेऊन अधिकारी आल्या. वर्षाराणी नाव, जयसिंगपूरच्या, रुद्रय्यांच्या नातीच्या वयाच्या. दगड बघितला आणि पोरगी जागच्या जागी थांबली.

"हे कधी केलंत?"

"कालच झालं बगा, म्याडम. तुमाला तरास नगो म्हनून. झ्याक दिसतंय न्हवं?"

कुठं जुना ठसा, एखादा फोटो आहे का, असं तिनं विचारलं. नव्हता. मग ती खालीच बसली.

"आज्जा, आता ही अक्षरं नाहीत. अक्षरांसारखी नक्षी झालीय. आधी पुसट का होईना, काहीतरी मिळालं असतं. नाव आणि साल नसेल तर वरचे लोक कुंपण देणार नाहीत. मी लिहीन खूप, पण देणार नाहीत."

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, असं एरवी गाव हसून म्हणतं. त्या दिवशी कुणाला हसू आलं नसतं. बाकीचा मठ लोकांनी नेला होता, हा दगड रुद्रय्यांनी स्वतः संपवला होता, आणि तोही मायेनं. पाचातल्या एका खांबाला त्यांनी पाठ लावली.

वर्षाराणीला राहवेना. दगड जमिनीत रुतला होता, तिथली माती तिनं खुरप्यानं उकरली. खाली एक ओळ निघाली. तिथवर ज्ञानूची टाकी पोचलीच नव्हती.

"काय लिवलंय वो त्यात?" रुद्रय्या जवळ येऊन वाकले.

"यात नाव, साल नाही, आज्जा. अशी ओळ बहुतेक दानलेखांच्या शेवटी असते." तिनं बोट ठेवून सावकाश वाचलं. "'हा दानधर्म जो राखील, त्याला काशीत हजार गाई दान दिल्याचं पुण्य लागेल.'"

"आनि फुडं?"

तिचं बोट थांबलं.

"पुढचं झिजलंय."

रुद्रय्यांना वाचता येत नव्हतं, पण डोळे शाबूत होते. तिच्या बोटापुढं वीतभर अक्षरं काल कोरल्यासारखी स्वच्छ उभी होती. राखणाऱ्याचं सांगून झालं की मोडणाऱ्याचं पाप सांगायचं उरतं, एवढं कळायला जुनं कन्नड यावं लागत नाही. पोरगी मान खाली घालून बसली होती, तिचे डोळे भरले होते.

"व्हय पोरी," ते म्हणाले, "झिजलं आसंल."

मग ते गुडघ्यांवर बसले आणि उकरलेली माती मुठीमुठीनं परत त्या ओळीवर लोटायला लागले. वर्षाराणीनं त्यांना अडवलं नाही.