वजनाला चावी नसते

संताजीकाकांनी पत्रा दाबायच्या प्रेसमध्ये डोकं घातलं, की ते बाहेर येईपर्यंत अदिती मनातल्या मनात आकडे मोजत राही. काका मात्र निवांत. वर तीन टनांचा पोलादी साचा, खाली काकांचं टक्कल, आणि ओठांवर कुठलंसं तमिळ गाणं. रॉकेलच्या फडक्याने साचा आतून पुसायचा, अडकलेला पत्र्याचा तुकडा बोटाने उकरून काढायचा, आणि मोरीवर हात धुऊन यावं तसं बाहेर यायचं.

साल २००६. चेन्नईजवळच्या इरुंगाट्टुकोट्टैच्या औद्योगिक वसाहतीतला, मोटारींचे सुटे भाग दाबून काढणारा हा कारखाना. अदिती सांगलीची, डिप्लोमा झालेली, नोकरीत नवी. परदेशी गिऱ्हाइकांना सुरक्षा विभाग दिसायला हवा होता म्हणून कारखान्याच्या मोठ्या साहेबांनी तो उघडला, आणि त्यात एक टेबल, एक शिट्टी आणि अदिती एवढं सामान भरलं. नियम तसे पहिल्यापासून होते. प्रेसचा वरचा भाग उचललेला असताना कुणी आत जाणार असेल, तर आधी दोन बाजूंना दोन लोखंडी टेकू उभे करायचे. टेकूही होते. भांडारात होते, आणि त्यांचा रंगसुद्धा उडाला नव्हता.

संताजीकाका तंजावरकडचे मराठी. त्यांचे पूर्वज कधीकाळी फौजेबरोबर तिकडे गेले ते तिकडचेच झाले. आता चेन्नईच्या आवडी या उपनगरात त्यांचं लहानसं घर होतं आणि वरच्या खोलीत अदिती भाड्याने राहत होती. काका तिला घरी ‘पोरी’ म्हणत आणि कारखान्याच्या गेटच्या आत ‘मॅडम’. कंपनीची बस ही ना घर ना गेट, त्यामुळे तिथे ते काहीच म्हणत नसत. खिडकीबाहेर बघत बसत. त्यांची बोली पहिल्यांदा ऐकली तेव्हा अदितीला वाटलं होतं, कुणी जुनी बखर वाचतंय आणि मधूनच त्याला तमिळमध्ये शिंक येतेय.

“काका, टेकू लावा ना.”

“कशास?”

“वरचं खाली आलं तर?”

“कसं येईल? मेन बंद आहे. चावी ही पाहा, माझ्या कमरेस. करंट नाही, तर प्रेस म्हणजे मढं. मढं उठून चावतं का, मॅडम?”

अदितीने शाळेतली व्याख्या बाहेर काढली. वस्तूच्या स्थितीमुळे किंवा स्थानामुळे तिच्यात साठलेली ऊर्जा म्हणजे स्थितिज ऊर्जा. हा प्रश्न दोन मार्कांना यायचा. तिला दोन्ही मिळाले होते, आणि त्यानंतर तिचं आणि त्या ऊर्जेचं फारसं बोलणं झालं नव्हतं.

“वर उचलताना जी ताकद लागली ती कुठे गेली नाही, काका. त्या वजनात जमून राहिलीय. करंट गेला तरी ती असतेच.”

“कोठे आहे? दाखव.”

“दिसत नाही.”

“मग तुज कशी दिसली?”

काकांनी हे सगळं भोवतीच्या ऑपरेटरांना तमिळमध्ये सांगितलं, पदरचा मसाला घालून. हशा पिकला. काकांना चेव चढला. “मीही रोज जिना चढतों. माझ्यात ती भरते?”

“भरते.”

“तर पगारात कां दिसत नाही, मॅडम?”

ती उत्पादन बघणाऱ्या गुरुराजसाहेबांकडे गेली. ते भले गृहस्थ होते. त्यांनी तिथल्या तिथे हुकुमावर सही केली, वर एक पोस्टरही मंजूर केलं.

“आणि साचा बदलायचा वेळ? टेकू लावायचे तर तो वाढवायला हवा, सर.”

“वेळ आहे तेवढाच,” गुरुराज म्हणाले.

पोस्टर लागलं. त्यावर पिवळी टोपी घातलेला माणूस कशाला कोण जाणे हसत होता. त्याच्याच खिळ्याला काका शर्ट अडकवू लागले.

रविवारी दुपारी राजसबाईंनी अदितीला खाली जेवायला बोलावलं. राजसबाई म्हणजे काकांची बायको. उडदाचं पीठ दह्यात कालवून त्या डांगर पच्चडी करत, आणि ती दोन वेळा वाढून घेतल्याशिवाय कुणाला उठू देत नसत. अदितीने भिंतीशी पाट टाकला, तेवढ्यात काका ओरडले, “तेथे नको पोरी! वर हंडा आहे.”

माळ्यावर खरंच एक तांब्याचा मोठा हंडा होता.

“पडेल का तो?”

“पडत नाही. लग्नापासून तेथेच आहे.”

“मग?”

“मग काय मग? वर आहे ना!”

“ह्यांस हंड्याचं भय,” राजसबाई पच्चडी वाढत म्हणाल्या, “बायकोचं नाही.”

अदितीचा घास हातातच राहिला. “काका, मग प्रेस?”

“प्रेस मशीन आहे. हा हंडा आहे,” काका म्हणाले. असल्या मुलीला डिप्लोमा दिला कुणी, असा त्यांचा चेहरा होता.

“कसली प्रेस?” राजसबाईंनी विचारलं.

“काही नाही, मावशी. कामातलं,” अदिती म्हणाली, आणि मान खाली घालून जेवली. आपण ज्या बाईच्या हातचं खातोय, तिचा नवरा रोज कशाखाली डोकं घालतो हे तिला सांगून काय साधणार? ती घरी बसून फक्त झुरेल. थांबवायचं तर ते कारखान्यातच थांबवायला हवं.

पण एक गोष्ट तिला कळली होती. काकांना अक्कल नव्हती असं नाही. हंडा त्यांना वजन म्हणून दिसत होता आणि प्रेस मशीन म्हणून. मशीन करंटवर जगतं, करंट गेला की मरतं. त्या मशीनच्या आत एक हंडा टांगलेला आहे, हे त्यांना कुणीतरी दाखवायला हवं होतं.

शनिवारी पाळी सुटल्यावर तिने मेन बंद करवलं, आणि सगळ्यांच्या देखत आपला दहीभाताचा डबा प्रेसखाली ठेवला. वरचा भाग कधीकधी आपोआप खाली सरकतो, असं तिने वाचलं होतं. सोमवारी सकाळी बघू, म्हणाली.

सोमवारी सकाळी डबा जसाच्या तसा. पोचासुद्धा नाही. आतल्या दहीभाताने मात्र चेन्नईच्या उकाड्यात दोन दिवस काढले होते. झाकण उघडताच पहिली रांग मागे हटली.

“मॅडम, ऊर्जा रविवारची सुट्टी घेते काय?” कुणीतरी तमिळमध्ये विचारलं, आणि त्या दिवशी ते वाक्य कॅन्टीनपर्यंत पोचलं.

हसले त्याचं तिला इतकं वाटलं नाही. वाईट झालं ते पुढे. आजवर तरुण ऑपरेटर तिच्या शिट्टीला जरा तरी बिचकत. आता तेही बिनघोर आत वाकू लागले. मॅडमनीच सिद्ध केलं होतं ना! एका डोक्याची काळजी करता करता तिने प्रेसखाली तीन डोकी नेऊन ठेवली. संध्याकाळी बसमध्ये काका पहिल्यांदाच तिच्याशी बोलले. “मनास लावून घेऊं नको,” असं हळूच म्हणाले. ते मात्र तिला फार लागलं.

अदिती रडली. रडून झाल्यावर तोंड धुतलं. आणि दुसऱ्या दिवशी देखभाल विभागातल्या रामस्वामींकडे जाऊन तिने प्रेसचा नकाशा मागितला.

“किती दिवस ठेवणार?” त्यांनी विचारलं.

“समजेपर्यंत.”

नकाशावर बोट ठेवून ती तेलाच्या नळ्यांमागे फिरत राहिली. अडलं की रामस्वामींकडे, ते वैतागले की परत नकाशाकडे. शेवटी बोट एका जागी थांबलं. तीन टनांचा तो साचा नळीतल्या तेलावर बसलेला होता, आणि ते तेल एका व्हॉल्व्हने अडवून धरलं होतं. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी खालच्या तोटीने अडतं, तसं. तोटी गळेल तर आज गळेल, दहा वर्षांनी गळेल, नाहीतर कधीच गळणार नाही.

तिला स्वतःचंच हसू आलं. शनिवारी ठेवते, सोमवारी पडेल, असं ती ज्योतिष्यासारखं सांगत सुटली होती. पडणं त्या वजनावर बंधनकारक थोडंच होतं! ते पडू शकत होतं, बस. पडलं नाही म्हणून त्याच्यातलं काही कमी झालेलं नव्हतं. काकांनी हंड्याखालून पाट हलवायला लावताना तिला नेमकं हेच सांगितलं होतं, आणि दोन मार्क मिळवूनही ते तिच्या डोक्यात शिरायला इतके दिवस लागले.

दुपारच्या सुट्टीत तिने सगळ्यांना पुन्हा बोलावलं. आणखी एक गंमत होणार म्हणून गुरुराजसाहेबही आले. तिने प्रत्येकाला पिवळ्या रेघेच्या मागे उभं केलं. मेन काकांनीच बंद केलं, चावी त्यांच्याच मुठीत. फ्यूजही त्यांनाच काढायला लावले.

“आता मेली का?”

“मेली.”

“नक्की?”

“सरणावर ठेविली,” काका म्हणाले.

“मग खाली काय ठेवायचं ते तुम्हीच ठेवा.”

काकांनी ऐटीत स्वतःचा डबा ठेवला. तीन पुडांचा, स्टीलचा, झाकणावर तमिळ अक्षरांत राजसबाईंचं नाव कोरलेला.

“काका, रिकामा तरी करा.”

“कशास? आतां जेवायचं आहे मज.”

शेजारी उभ्या असलेल्या रामस्वामींनी होकारार्थी मान हलवली. अदितीने मागच्या बाजूचा, अडवलेलं तेल हाताने सोडायचा छोटा व्हॉल्व्ह धरला आणि फिरवला.

क्षणभर काहीच झालं नाही. कुणीतरी फिस्सकन हसलं.

मग प्रेस खाली येऊ लागली. दिवसभर तिचा गडगडाट ऐकणाऱ्या त्या माणसांनी तिला आवाजाशिवाय हलताना कधी पाहिलं नव्हतं. म्हैस खाली बसते तशी ती आली, घाई नाही आणि थांबणंही नाही. डब्याचं झाकण उडालं, कडेने पच्चडी बाहेर आली, आणि मग स्टील एकदाच, अगदी बारीक करकरलं.

कुणी हसलं नाही. काकांनी मूठ उघडून चावी पाहिली.

“करंट?”

“नाही,” अदिती म्हणाली.

“मोटर?”

“फ्यूज तुमच्या खिशात आहेत, काका.”

“मग दाबलं कोणी?”

“आत्ता कुणीच नाही. मघाशी बटण दाबून तुम्ही ते वजन वर चढवलंत ना, हे दाबणं तेव्हाचंच आहे. तेव्हापासून तिथेच थांबलं होतं.”

 काकांनी वळून तिचं वाक्य ऑपरेटरांना तमिळमध्ये सांगितलं. मसाला न घालता, जसंच्या तसं. त्या दिवशी काका आणि अदिती, दोघांनी तिच्याच डब्यातलं खाल्लं.

घरी राजसबाईंनी ते चपटं स्टील उलटसुलट करून पाहिलं. “बसखाली टाकला होता काय?”

“प्रेसखाली,” काका म्हणाले. मग चपला काढत, तिच्याकडे न बघता, “मी रोज त्याच्यातच डोकं घालत होतों.”

राजसबाईंनी डबा खाली ठेवला. “आणि कोणी सांगितलं नाही?”

“ह्या पोरीने सांगितलं. मज पटलं नाही.”

बाईंचे डोळे भरले, पण आवाज हलला नाही. “उद्यां पुन्हा घातलंत तर परत येऊं नका. ह्या घरी येण्यास डोकं लागतं.”

दुसऱ्या दिवशी सकाळीच साचा बदलायचा होता. वरचा भाग उचलून झाला, मेन बंद झालं, आणि काकांनी दोघा ऑपरेटरांना भांडारात पिटाळलं. थोड्या वेळाने गुरुराजसाहेब आले.

“लाईन का उभी आहे?”

“टेकू येताहेत, सार.”

“आज राहू दे. गाड्या बाहेर थांबल्यात. उद्यापासून लावा.”

काका एका उपड्या क्रेटवर बसले. दोन्ही हात गुडघ्यांवर. “मी जात नाही. तुम्हांस घाई आहे तर तुम्ही जा.”

अदिती शिट्टी मुठीत धरून पुढे आली होती, भांडायच्या तयारीने. काका तिच्याकडे वळून आपल्या बखरीतल्या मराठीत म्हणाले, “मॅडम, खरं सांगूं? पटलं नव्हतं, हें अर्धं. अर्धं असं, की एक टेकू उचलण्यास दोघे लागतात, आणि भांडार त्या टोकास. तो येईपर्यंत सार चारदां घड्याळ दाखवितात. तुज ठाऊक होतं?”

नव्हतं. नियम तिला पाठ होता. टेकू तिने कधी उचलून पाहिला नव्हता.

ती भांडाराकडे निघाली. त्या दोघांनी पहिला टेकू निम्म्या वाटेवर आणला होता. दुसऱ्याचं एक टोक तिने धरलं, दुसरं टोक भांडारातल्या माणसाने. खांदा उतरल्यासारखं झालं. दहा-बारा पावलांवर तिने तो खाली टेकवला, ओढणी कमरेला बांधली, आणि पुन्हा धरला. तिसऱ्यांदा टेकवला तेव्हा तिच्या मागून एक हात आला.

“सोडा,” गुरुराज पुटपुटले, आणि स्वतः वाकले. उचलताच त्यांच्या तोंडून जे निघालं, ते हुकुमात लिहिण्यासारखं नव्हतं. प्रेसपाशी पोचेपर्यंत त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता.

“हे आता इथेच राहतील, प्रेसजवळ,” अदिती म्हणाली. “आणि साचा बदलायच्या वेळात टेकूंचा वेळ धरायचा.”

“मोठ्या साहेबांना काय सांगू मी?”

“त्यांना इकडे पाठवा. रेघेच्या मागे उभं करून मी दाखवते.”

गुरुराजांनी घड्याळाकडे हात नेला, तो कपाळावरचा घाम पुसायला वळवला. “धरा,” ते म्हणाले. “आजपासून.”

टेकू उभे राहिले. एक जरा कलता होता. काकांनी तो काढून पुन्हा लावायला सांगितला, आणि मग बैल विकत घेणाऱ्याच्या नजरेने दोन्ही निरखून, दोन्हींना एकेक लाथ मारून पाहिली. तरुण ऑपरेटर बघत होते. त्यांनी बघावं म्हणूनच ते सावकाश चाललं होतं.

मग काका आत वाकले. थोड्या वेळाने आतून आवाज आला.

“मॅडम, दुसरं फडकं द्या. हें मळलं.”

अदितीने एका हाताने टेकू धरला, दुसरा आत घातला आणि फडकं दिलं.