शेजारच्या सीटचं वजन

"शेजारच्या सीटवर कोण बसणार, आणि वजन किती?" गाडीखालून डोकं बाहेर काढत स्प्रिंगवाल्याने विचारलं.

"बायको," निरीक्षकसाहेब म्हणाले. "बासष्ट किलो."

आकडा इतका झटकन तोंडातून गेला की त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. एकतीस वर्षं त्यांनी वजनमापे खात्यात काढली होती. तराजूच्या पारड्याखाली चिकटवलेलं लोहचुंबक ते दुकानाच्या दारातूनच हेरत. पाच ग्रॅमांसाठी त्यांनी सख्ख्या मेव्हण्याचा काटा जप्त केला होता आणि मेव्हण्याने चार वर्षं अबोला धरला होता. आताही गॅरेजात शिरल्याबरोबर, गाडीच्या चार चाकांखाली ठेवायचे ते चार काटे त्यांनी पिशवीतलं वजन ठेवून तपासून घेतले होते. निवृत्त झाले तरी खोड जात नव्हती. काटे चोख निघाले. आणि त्यानंतर पाच मिनिटांत साहेबांनी चोवीस किलोंची थाप ठोकून दिली.

बाई आता अडतीस किलोंच्या होत्या. दवाखान्यात मागच्या सोमवारी तसं लिहिलं होतं. पण साहेबांना ते कागदावर पाहायची गरज नव्हती. रोज सकाळी पलंगावरून उचलून त्यांना खुर्चीत ते स्वतःच बसवत होते.

गाडी बाईंची. बाईंनी सत्तावीस वर्षं मोटार ट्रेनिंग स्कूलच्या दोन ब्रेकांच्या डबड्या गाडीत बसून अर्ध्या गावाला ड्रायव्हिंग शिकवलं, तेही ताशी वीसच्या वेगाने. पन्नाशी उलटली तेव्हा त्यांनी स्वतःसाठी ही लाल गाडी घेतली आणि आठ दिवसांत तिच्या स्प्रिंगा कापून ती पार जमिनीलगत आणली. शेजारपाजारचे हसले. साहेबांनी तर गाडी आहे की घसरगुंडी, असं विचारून पाहिलं. बाई ऐकतात कसल्या! रविवारी साहेबांना शेजारी बसवून त्या तलावापर्यंत चक्कर मारत आणि सिग्नलला पोरं वळून बघायला लागली की मान ताठ करून समोर बघत.

मग दुखणं पाठीच्या मणक्यांत उतरलं. आठवड्यातून तीनदा दवाखान्यात किरणांचा शेक घ्यायला जायचं ठरलं, आणि डॉक्टरांनी साहेबांना बाजूला घेऊन उन्हाळ्यापर्यंत धरून चला, असं सांगितलं. अँब्युलन्स बाईंनी साफ नाकारली. आडवी होऊन जाणार नाही, माझ्या गाडीतून बसून जाईन, एवढंच म्हणाल्या. पण कापलेल्या स्प्रिंगांना खेळायला जागाच उरलेली नव्हती. घर ते दवाखाना अकरा स्पीडब्रेकर. प्रत्येकावर गाडी खाली दणकन आपटायची आणि तो दणका थेट मणक्यात जायचा. बाई दाराची मूठ धरून डोळे मिटायच्या. ओरडायच्या नाहीत. वर साहेबांनाच सांगायच्या, क्लच हळू सोडा. साहेबांना स्टिअरिंग सोडून पळून जावंसं वाटायचं.

स्प्रिंगवाला बाईंचाच विद्यार्थी. लायसन्सच्या परीक्षेत तीनदा आपटला होता, चौथ्यांदा बाईंनी पास करून घेतला. त्याने साहेबांपुढे तीन उपाय मांडले. कंपनीच्या मूळ स्प्रिंगा परत बसवायच्या, गाडी चार बोटं वर येईल आणि आराम मिळेल. किंवा हवेचे फुगे बसवायचे, बटण दाबलं की वर, दाबलं की खाली. नाहीतर आट्यांचे शॉकअप बसवायचे, त्यात कडी फिरवून उंची लावता येते आणि टिचक्या मोजून मऊपणाही, पण बसणाऱ्याच्या वजनाला जुळवून घ्यावे लागतात.

गाडी वर उचलली तर मी तिच्यात पाय ठेवणार नाही, हे बाईंनी आधीच बजावलं होतं. फुग्यांच्या कामाला तीन आठवडे लागणार होते. साहेबांनी मनातल्या मनात उन्हाळ्यातून तीन आठवडे वजा केले आणि आट्यांवर बोट ठेवलं. दुसऱ्या दिवशी शॉकअप आले. स्प्रिंगवाल्याने शेजारच्या सीटवर बासष्ट किलोंच्या वाळूच्या पिशव्या रचल्या, ड्रायव्हरच्या जागी साहेबांनाच बसवलं आणि चारही काट्यांवर गाडी तोलून सगळं लावून दिलं.

बुधवारी बाईंना घेऊन निघाले. पहिला स्पीडब्रेकर गेला आणि दणका बसला नाही. साहेबांचा जीव भांड्यात पडला. पण दुसऱ्यानंतर गाडीचा बाईंच्या बाजूचा कोपरा हलकेच उडत राहिला, तिसऱ्यानंतरही तसाच. बाईंनी मूठ धरली.

"माझ्या जागी कुणाला बसवून लावलीत हो?" त्यांनी विचारलं.

साहेबांनी पुढच्या स्पीडब्रेकरसाठी गिअर बदलला. दवाखान्यातून बाहेर पडल्यावर बाईंनी गाडी सरळ गॅरेजात न्यायला सांगितली.

त्या आल्याचं पाहून स्प्रिंगवाला हात पुसत धावत आला. बाईंना बघून त्याचा चेहरा पडला आणि तो लपवायला तो उगाचच पाना शोधायला लागला. बाई म्हणाल्या, मला उतरवू नकोस, बसल्या जागीच तोल. गाडी काट्यांवर चढवली. साहेब उतरून उभे राहिले, बाई एकट्याच आत होत्या. रिकाम्या गाडीचं वजन स्प्रिंगवाल्याच्या वहीत होतंच. त्याने बेरीज-वजाबाकी केली आणि वहीकडे पाहत राहिला.

"किती?" बाईंनी विचारलं.

तो साहेबांकडे बघायला लागला.

साहेब वाकून चार काट्यांचे आकडे वाचू लागले. एकेक करून, दोनदा. आयुष्यात पहिल्यांदाच, काटा खोटा असावा असं त्यांना मनापासून वाटलं. वहीतला आकडा वजा केला तरी तेच येत होतं.

"सदतीस," ते म्हणाले. मग खात्याच्या सवयीने एककासकट पुन्हा म्हणाले, "सदतीस किलो."

"लग्नात त्रेचाळीस होते," बाई स्प्रिंगवाल्याला म्हणाल्या. "यांनी तेव्हाही घरी जास्तच सांगितलं होतं."

तो हसला नाही. गुडघ्यांवर बसून त्याने बाईंच्या बाजूच्या चाकाची कडी फिरवायला सुरुवात केली. मऊपणाची टिचकी एकेक करत मागे घेतली. अर्ध्यावर थांबला आणि खाली मान घालूनच म्हणाला, "बाई, पुढे... म्हणजे अजून कमी होणार असेल, तर त्या बेतानं लावतो."

गेल्या चार महिन्यांत हा प्रश्न घरात कुणी विचारला नव्हता. मुलगी फोनवर जेवलीस का विचारायची. साहेब दुधाचा पेला पुढे करायचे. डॉक्टर कागदाकडे बघून बोलायचे.

"हो," बाई म्हणाल्या. "होणार. दोन टिचक्या जास्त सैल ठेव. यांना पुन्हा इथे यायला लागू नये."

साहेब गॅरेजाच्या मागच्या बाजूला गेले. तिथे जुन्या टायरांची रास होती. तिच्याकडे तोंड करून ते रडले, बरंच रडले. स्प्रिंगवाल्याने तेवढा वेळ विनाकारण पाना आपटत ठेवला. ते परतले तेव्हा बाईंनी पट्टा लावून घेतला होता आणि त्या समोर बघत होत्या.

निघताना त्यांनी साहेबांना आरसा नीट करायला लावला. पहिल्या स्पीडब्रेकरवर गाडी चढली, उतरली, आणि शांत झाली. साहेबांनी चोरून शेजारी पाहिलं. बाईंचे हात मांडीवर होते. दुसरा गेला, तिसरा गेला. पाचव्यापर्यंत त्यांचं डोकं काचेला टेकलं होतं, तोंड किंचित उघडं पडलं होतं आणि त्या हलकेच घोरत होत्या. अकरा रात्रींत त्यांना धड झोप लागली नव्हती.

घराचं वळण आलं. वळून थांबायचं म्हणजे इंजिन बंद होणार, दार उघडणार, त्यांना उचलावं लागणार. साहेबांनी इंडिकेटर लावला आणि पुन्हा बंद केला. मागचा हॉर्न वाजवत होता. ज्यांनी उभ्या जन्मात एक नियम मोडला नव्हता ते साहेब रस्त्याच्या मधोमध ताशी वीसच्या वेगाने सरळ निघाले, क्लच हळू सोडत. सूर्य कलला, दुकानांतले दिवे लागले. घराचं वळण त्यांनी चौथ्यांदा सोडलं.