दुर्बिणीच्या शेजारचा रिट्रॅक्टर

मित्रांनो, मी एक जुना रिट्रॅक्टर आहे. नाव ऐकून घाबरू नका. डॉक्टरांनी पोटावर छेद घेतला की त्याच्या कडा बाजूला ओढून धरायच्या, एवढेच माझे काम. मी पोलादाचा, दोन्ही टोकांना वाकवलेला आणि स्वभावाने, खरे सांगायचे तर, जळकुकडा.

एके काळी या शस्त्रक्रियागृहात माझ्यावाचून पान हलत नसे. कुणाचे अपेंडिक्स सुजले की पोटाच्या उजव्या बाजूला खाली छेद घ्यायचा, मी तो उघडा धरायचा आणि आमच्या सर्जन बाईंनी ते सुजलेले शेपूट कापून काढायचे. याची पकड बघा, असे त्या शिकाऊ डॉक्टरांना सांगत, की मी लगेच हरभऱ्याच्या झाडावर.

मग दुर्बीण आली. सडपातळ, चकचकीत, मऊ गादीच्या पेटीत झोपणारी. मला धगधगत्या वाफेत कोंबतात. तिच्या काचेवर धुके धरते म्हणून तिला कोमट पाण्यात बुडवतात. आणि कौतुक तरी किती! दोन-तीन बारीक भोके पाडायची, पोटात थोडा वायू भरायचा, की आतले सगळे पडद्यावर. दुखणे कमी, रोगी लवकर घरी. माझ्या रोग्याला बिचाऱ्याला खोकतानाही पोट धरावे लागे. हे सगळे खरे आहे, म्हणून तर माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

आमच्या सिस्टरची एक शिस्त आहे. ऑपरेशन दुर्बिणीचे असले तरी त्या मला निर्जंतुक करून, हिरव्या कापडात गाठ मारून शेजारच्या टेबलावर ठेवतात. न जाणो, लागलाच तर. म्हणजे तिचे कौतुक मी रोज जवळून ऐकायचे. एकदा तरी लागू दे, असे मी मनात म्हणत असे.

एकदा शिवणकाम करणारी एक बाई टेबलावर आली, तापाने फणफणलेली. इतके दिवस अंगावर का काढलेस, असे सिस्टरनी तिला भूल देण्याआधी विचारले.

"मोठ्या जाऊबाईंचं अपेंडिक्सचं ऑपरेशन मागच्याच महिन्यात दुर्बिणीनं झालं," ती म्हणाली. "दुसऱ्या दिवशी घरी आल्या, तर सगळे त्यांच्याच भोवती. मी घर सांभाळत होते आणि आतून जळत होते. आता माझंही तिथंच दुखतंय म्हटलं असतं, तर म्हणाले असते, हिला जावेचं बघून दुखायला लागलं."

म्हणून ती गोळ्या गिळून मशीन चालवत राहिली आणि अपेंडिक्स आत फुटले.

सर्जन बाईंनी आधी दुर्बीणच घातली. आतडी एकमेकांना चिकटलेली, पू साचलेला, काही धड दिसेना. पुष्कळ खटपट झाली आणि मग बाई म्हणाल्या, "उघडू या. गाठ सोडा."

ज्यासाठी मी वर्षे काढली ते शब्द असे आले. मला आनंद झाला नाही. ते पोट चटका बसावा इतके गरम होते, आणि माझ्या पकडीचे कौतुक करायला कुणाला सवड नव्हती. बाईंनी बोटांनी आतडी सोडवली, आतले सगळे धुऊन काढले. मी नुसता घट्ट धरून राहिलो.

ती वाचली. पण जखम चिघळली आणि मुक्काम लांबला. पुढचे सिस्टरनी मला धुता धुता दुसऱ्या नर्सला सांगितले. मोठी जाऊ रोज येऊन धाकटीचे केस विंचरत असे. एकदा धाकटीने टाके दाखवून, माझी शिवण तुमच्यापेक्षा लांब, असे ऐकवले. मोठीने डोळे पुसले.

"म्हणू द्यायचं होतंस गं त्यांना," ती म्हणाली. "चार दिवस बोलले असते आणि गप्प बसले असते."

मित्रांनो, मत्सर करू नका असे मी कोणत्या तोंडाने सांगू? मी आजही करतो. पण त्यापायी आपले दुखणे लपवू नका. पोट दुखले की घरात लगेच सांगा, कुणी काहीही म्हणो. आज सकाळीही सगळे दुर्बिणीलाच वाखाणत गेले. माझी गाठ कुणी सोडली नाही. मला वाईट वाटले, आणि ती सुटू नये असेही वाटले.