दहा नॅनोसेकंद आधी

बोटांत फिरणारी पितळी चकती. काढलेल्या जुन्या केबलच्या टोकाची.

बाहेर शेहेचाळीस अंश, आत बावीस.

असोद्याहून आईचा मिस्ड कॉल.

पाच मीटर. तीन मीटर.

पडद्यावर सपाट रेघ... सपाटच.

एरंडोल रोडवरच्या या प्रयोगशाळेत महिन्यातून एकदाच मोठा लेझर सुटतो, मोहरीहून बारीक गोळीवर आदळतो, आणि गोळी पेटताना क्ष-किरणांचा जो झोत निघतो तो नोंदवणं हे दिपमालाचं काम — पाच नॅनोसेकंदांची खिडकी, नेमकी तेव्हाच उघडायची — आणि आज खिडकीत काहीच नव्हतं.

"गोळी जागेवर नव्हती," प्रयोगशाळेचे प्रमुख चौधरी सर म्हणाले. आवाज न चढवता. "हितेंद्र, दुसरी वेळ आहे. तुझा करार वाढवा म्हणून आता कोणत्या तोंडाने सांगू?"

गोळी बसवणारा हितेंद्र चष्मा पुसत राहिला. "सर, तीनदा पाहिली मी." मग दिपमालाकडे वळून, हळूच, त्याच्या धुळ्याकडच्या बोलीत, "तुन्हं मशीन झपी गयं का वं, अक्का?"

मशीन झोपलं म्हणे. ती हसली. हसायला नको होतं.

कारण जुनी केबल खराब झाली म्हणून मंगळवारी तिने कपाटातली दुसरी लावली होती, दोन मीटर आखूड, आणि केबलमधून संकेत एका नॅनोसेकंदात वीस सेंटिमीटर जातो, म्हणजे दहा नॅनोसेकंद — झोत आला होता, आधीच येऊन गेला होता, खिडकी उघडायच्या आत... खिडकीची वेळ बदलायची राहिली. राहिली नाही, मी बदलली नाही. मी. असोद्याला केळीच्या बागेत ठिबकचा कॉक मी उघडा ठेवला होता आणि मार भावाने खाल्ला, तेव्हाही मी अशीच हातातलं काहीतरी फिरवत उभी... आत्ता बोलले तर ती दुरुस्ती, चहानंतर बोलले तर कबुली, उद्या बोलले तर — पुढचा मोठा शॉट माझ्या हातात कोण देईल?

सरांनी नोंदवही ओढली. 'गोळी सरकली' एवढं लिहून पेन थांबलं.

"सर," ती म्हणाली.

त्यांनी वर पाहिलं. हितेंद्रने पाहिलं नाही. तो चष्माच पुसत होता, केव्हाच स्वच्छ झालेला. सरांची भीती आता वाटेना. भीती वाटत होती ती हितेंद्रच्या गप्प बसण्याची.

मंगळवारी त्या आखूड केबलचं दुसरं टोक हितेंद्रने धरलं होतं.