पायरीवरच्या मुंग्या

आत्याने लाकडी उलथन्याने गाडीच्या दाराची कडी वर ढकलली, कोपराने दार ओढलं आणि पायरीला न शिवता टुणकन आत उडी मारली. वय त्रेसष्ट. हातात चहाचा कप. चहाचा एक थेंबही सांडला नाही, याचं कौतुक करावं की काळजी, हे ओट्यापाशी उभ्या असलेल्या भाचीला ठरवता येईना.

घरात या भाचीला वकीलबाई म्हणत. कौतुकाने नव्हे. दहावीपर्यंत ती वर्गात कुजबुजत उत्तरं द्यायची; अकरावीत वादविवाद स्पर्धेचा करंडक काय मिळाला, तेव्हापासून घरातल्या कुणाला 'मीठ दे' एवढंही बिनविरोध म्हणता येत नव्हतं.

"आत्या, तू कडीला हात का लावत नाहीस गं?" तिने खिडकीतून विचारलं.

"नसा," आत्या आतून म्हणाली. "लोखंड सोसत नाही. मुंग्या येतात हाताला. तुझ्या बाबाने डॉक्टरांना विचारलंय."

"कधी?"

"फोनवर. परवा."

"फोनवर नसा दिसतात?"

आत्याने चहाचा घोट घेतला. 

गाडीचं नाव गोगलगाय. आत्या आणि आतोबांनी एका जुन्या व्हॅनमध्ये स्वतः पलंग, शेगडी, छोटा फ्रिज आणि पुस्तकांची फळी बसवून ती केली होती. अकरा वर्षं दोघं तिच्यातून भटकले. आतोबा गेल्यावर आत्याने गोगलगाय एकटीने चालवत आणली आणि भावाच्या अंगणात लावली. त्याला तीन महिने झाले. ती झोपायची गाडीतच. स्वयंपाकघराच्या खिडकीतून एक वायर बाहेर गेली होती, गाडीला घरची वीज पुरवत. त्या वायरीपायी खिडकी पूर्ण लागत नव्हती आणि डास आत येत होते, हे बाबा रोज एकदा तरी सांगायचे.

आज दुपारी चार वाजता एक माणूस गोगलगाय विकत घ्यायला यायचा होता. आत्याला माडीवरची खोली मिळणार होती. खोली चांगली होती, खिडकी होती, कपाट होतं. फक्त आत्याने ती मागितली नव्हती.

"हाताला जोर नाही, नसा गेल्यात, एकटी त्या डब्यात राहते. उद्या पडलीबिडली तर?" असं बाबा म्हणाले होते, आणि यावर कुणाला काही बोलता आलं नव्हतं. काळजीपुढे काय बोलणार.

पण वकीलबाईला आता बोलायचं होतं. ती चपला न घालताच अंगणात गेली. आईने नुकत्याच कुंड्या शिंपल्या होत्या, फरशी ओली होती.

"आत गेल्यावर येतात मुंग्या? आत तर सगळं लोखंडच आहे."

"आत नाही येत," आत्या म्हणाली.

"अंगणात झाडू मारताना?"

"छे."

"मग कधी?"

आत्याने विचार केला. उलथनं मांडीवर ठेवलं. "पायरीवर. एक पाय खाली असतो ना, आणि हात दाराच्या दांडीला. बस, तेवढ्यापुरतं."

"म्हणजे तुझ्या नसांना पायरी कुठे आहे ते बरोबर कळतं?"

आत्या हसली नाही. 

वकीलबाईने बोटांची मागची बाजू दाराच्या दांडीला टेकवली. मुंग्यांची रांग मनगटापर्यंत चढली. तिने हात झटकला आणि तशीच घरात पळाली. मागच्या मोरीत वॉशिंग मशीनसमोर एक लाकडी फळी पडलेली असायची. बाबा तिला दोनदा अडखळले होते आणि दोन्ही वेळा 'ही मधे कोण ठेवतं' असं विचारून उत्तराची वाट न बघता निघून गेले होते. फळीवर दोन फिकट डाग होते, बहुधा कुंड्या ठेवल्याचे. वकीलबाईने ती काखेत मारली.

"कुठे नेतेस ती?" आईने बादलीवरून मान वर केली.

"प्रयोगाला."

"लगेच परत आण हं. अजून एक घाणा कपडे लावायचेत मला."

फळी पायरीपाशी टाकून ती वर उभी राहिली. दांडीला बोटं टेकवली. काहीच नाही. फळीवरून उतरली, टेकवली. मुंग्या. मग तिने ओट्याच्या खणातला टेस्टर आणला. टेस्टरचं टोक दांडीला लागताच त्याच्या पोटातला दिवा मिणमिणला.

"आत्या," ती हळू आवाजात म्हणाली, कारण ती इतकी चिडली होती की आवाज वर चढेचना, "तुझ्या नसा ठणठणीत आहेत. गाडीच्या पत्र्यात वीज उतरतीये. आणि हे सगळे तीन महिने तुला म्हातारी ठरवतायत."

आत्याने स्वतःचा हात उलटसुलट करून बघितला. कुणाचा तरी उसना घेतलेला हात परत मिळावा तसा.

बाबा पुढच्या खोलीत गाडीची कागदपत्रं एका फाइलमध्ये लावत होते. वकीलबाईने प्रयोग सांगितला, फळीसकट, दिव्यासकट. बाबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, आणि तिला क्षणभर वाटलं, जिंकले.

"म्हणजे गाडीच धोक्याची आहे," बाबा म्हणाले. "बघ, बरं झालं. जाऊ दे आजच."

"सकाळपर्यंत आत्याच्या नसा खराब होत्या. आता गाडी खराब झाली?"

"आवाज कमी."

"तुम्हाला काहीही सांगितलं तरी उत्तर एकच निघतं, बाबा. असं गणित आम्हाला परीक्षेत चालत नाही."

"हे बघ, मला ताईची काळजी आहे."

"तिला विचारलंत कधी?"

बाबांनी फाइलची दोरी बांधली. बाबांची दोरी बांधून झाली की बोलणं संपलेलं असे. वकीलबाई दारातच उभी राहून फोन लावू लागली. मागे पंखा दुरुस्त करायला आलेल्या वायरमनकाकांचा नंबर भिंतीवर कॅलेंडरच्या कडेला लिहिलेला होता. चार वाजायला तेव्हा पावणेदोन तास होते.

वायरमनकाका तीन वाजता आले. सडपातळ, कानावर पेन्सिल, खांद्याला कापडी पिशवी. अंगणात पाऊल टाकताच त्यांनी आधी वायर पाहिली. खिडकीतून निघून ती एका रिळावर तशीच गुंडाळलेली होती, मग जमिनीवरच्या एक्स्टेन्शन बोर्डात, आणि बोर्डावर पावसापासून वाचवायला प्लॅस्टिकची पिशवी बांधलेली.

"हे कुणाचं डोकं?" त्यांनी विचारलं.

बाबा खाकरले.

"रिळाला हात लावून बघा, साहेब. गरम लागतंय. वायर अशी गुंडाळून ठेवली की तापते, एक दिवस वितळते. पूर्ण सोडून ठेवायची. आणि बोर्ड जमिनीवर? पिशवीत? भाजी आहे का ती?"

"तात्पुरतं होतं," बाबा म्हणाले.

"करंटला तात्पुरतं कळत नाही." ते वकीलबाईकडे वळले. "आणि तू दांडीला हात लावलास म्हणे. परत लावायचा नाही. मुंग्यांवर निभावलं म्हणून बोलतीयेस. दर वेळी निभावतंच असं नाही."

ही एकच गोष्ट तिने दिवसभरात निमूट ऐकून घेतली.

काकांनी आत्याला गाडीतले फ्रिज-दिवे सगळे बंद करायला सांगितले. मग घरातला स्विच बंद केला, मग भिंतीतली पिन काढली, आणि सगळ्यात शेवटी गाडीकडचं टोक.

"हाच क्रम," आत्या दारातून म्हणाली. "हे पण असंच करायचे. लावताना उलटं. आधी गाडीला, मग भिंतीला, मग स्विच. कुठेही गेलो तरी आधी तिथला पॉइंट तपासायचे, मगच वायर उलगडायचे." ती थांबली. "इथे कुणी तपासलंच नाही. भावाचं घर म्हणून."

काकांनी गाडी तपासायला वीस मिनिटं घेतली. पत्रा, पिन, आतला छोटा स्विचबोर्ड. बाबा दोनदा घड्याळात बघून आले. शेवटी काका कंबरेवर हात ठेवून उभे राहिले.

"गाडी एक नंबर आहे. ज्याने वायरिंग केलंय त्याने मन लावून केलंय. पत्र्यापासून हिरवी वायर सरळ पिनेपर्यंत आलीये, कुठे तुटलेली नाही. चार्जरमधून, फ्रिजमधून थोडी वीज पत्र्यात झिरपतेच. ती या हिरव्या वायरीने जमिनीत जाते. जायला हवी." त्यांनी खिडकीकडे बघितलं. "चला आत."

स्वयंपाकघरात त्यांनी पिशवीतून एक होल्डर काढला. त्यात साधा बल्ब, खाली दोन मोकळी टोकं. भिंतीतल्या सॉकेटच्या खालच्या दोन भोकांना टोकं लावली. बल्ब लख्ख पेटला. मग एक टोक तिथेच ठेवून दुसरं वरच्या मोठ्या भोकात घातलं. बल्ब विझला तो विझलाच. त्यांनी टोक दाबून बघितलं, फिरवून बघितलं. शेजारच्या सॉकेटला, मग फ्रिजमागच्या. कुठेच पेटला नाही.

"वरचं भोक अर्थिंगचं. ते नुसतंच भोक आहे," काका म्हणाले.

जिन्याखालच्या मुख्य बोर्डाचं झाकण त्यांनी उघडलं. घरभरच्या हिरव्या वायरी तिथे एकत्र येत होत्या. त्यांचा नीट वेटोळा करून, वर काळी टेप गुंडाळून, तो कोपऱ्यात ठेवून दिला होता. कशालाच जोडलेला नव्हता.

"इथून जमिनीत गाडलेल्या सळईपर्यंत जाडी तार जायला हवी होती."

बाबा वेटोळ्याकडे बघत राहिले. "कंत्राटदार म्हणाला होता, शेवटी टाकू," ते म्हणाले. "मग रंगकाम निघालं. मग... राहूनच गेलं."

"किती वर्षं झाली?"

"हिचा जन्म व्हायचा होता."

वकीलबाईने तोंड उघडलं. अर्धा तास घसा कोरडा करून तिने जे सांगितलं होतं, ते बाबांनी बल्ब विझताच एका क्षणात मानलं होतं. याचा तिला इतका संताप आला की कुठून सुरुवात करावी कळेना, आणि तेवढ्यात आत्या बोलली.

"बाळ, त्या चारच्या माणसाला सांग, गाडी विकायची नाही. खराब आहे ते घर. ते दाखव हवं तर त्याला."

बाबांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. ताईने त्यांना 'बाळ' म्हटल्याला बरीच वर्षं झाली असावीत. त्यांनी फाइल जिन्याच्या पायरीवर ठेवली. "सांगतो," ते म्हणाले.

खरं म्हणजे इथे टाळ्या वाजायला हव्या होत्या. वकीलबाईने मनात एक छोटंसं भाषणही तयार केलं: माणसाने दुखतंय म्हटलं की आधी त्या माणसालाच दुरुस्त करायला निघू नये, असं काहीतरी. चांगलं भाषण होतं.

काका कानावरची पेन्सिल काढून पाठकोऱ्या कागदावर लिहीत होते. "सळई गाडू. गाडीला बाहेर भिंतीवर झाकणाचं सॉकेट देऊ, तिचा स्वतंत्र ब्रेकर, वर झटका बसण्याआधी आपोआप बंद होणारा स्विच. उद्या सकाळी येतो. तोवर गाडी जोडायची नाही. आणि घरात आणखी कुठे मुंग्या येतात का कुणाला? फ्रिज, मिक्सर, कशाला?"

"नाही," बाबा लगेच म्हणाले. "इतक्या वर्षांत कुणालाच नाही."

"नाही, काका," वकीलबाईनेही मान हलवली. "मी तर सगळ्याला हात लावते."

आई बादली घेऊन त्यांच्यामधून वाट काढत मोरीकडे निघाली होती. तिचे हात कोपरापर्यंत ओले होते.

"झालं का तुझं?" ती लेकीला म्हणाली. "माझी फळी दे आता. केव्हाची खोळंबलीये."

वकीलबाईने अंगणातून फळी आणून दिली. आईने ती ओल्या फरशीवर मशीनसमोर टाकली, पायाने थोडी पुढे सरकवली, आणि खाली न बघता वर चढली. तिची दोन्ही पावलं त्या दोन फिकट डागांवर बेतून केल्यासारखी बसली.

तिने मशीनचं झाकण उचललं आणि कपडे आत टाकू लागली.

काकांची पेन्सिल थांबली. "वहिनी," त्यांनी विचारलं, "फळी कशाला?"

"ही?" आई म्हणाली. "हिच्यावर उभं राहिलं की काही होत नाही."

फाटकाची बेल वाजली. चार वाजले होते. बाबा जागचे हलले नाहीत. वकीलबाई पुढे झाली आणि आईच्या हातातला ओला टॉवेल काढून घ्यायला धरला, पण लेक काम हातातून घेतेय तेव्हा टॉवेल सोडायचा असतो, हे आईला बराच वेळ कळलं नाही.